जात्याची तळी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. भोर

सुलू म्हणाली, "नवा धंदा काढतोयस तर रोज चार ओळी लिहीत जा. निदान चुका तरी एका जागी सापडतील." माझी बायको शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक दुखण्यावर निबंध हेच औषध वाटतं. वही तिनेच आणली, वर खाकी कव्हर घालून.

तर रीतीप्रमाणे ओळख. मी मधुकर, वय पंचेचाळीस. लक्षद्वीपमधल्या कडमत बेटावर सहा वर्षं स्कूबा शिकवत होतो. लोकांना अंदमान माहीत असतं, मालवण माहीत असतं, कडमत म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात. तिथे होडीतून वाकून पाहिलं तरी खोल तळाची वाळू दिसायची, आणि कासव पोहत गेलं की त्याची सावली त्या वाळूवरून चालायची. मग बेट सुटलं, कोरोना आला, आणि पाच वर्षं मी भोरमध्ये लोकांना विम्याच्या पॉलिसी समजावत बसलो. आता पुरे.

मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या अंगाला, धरणाचं मागचं पाणी पसरलेलं आहे. त्याच्या पोटात एक अख्खं गाव आहे. अठरा पावसाळे झाले ते बुडून. गेनू त्याच गावचा. होडी त्याची, मच्छीमार सोसायटीची परवानगी त्याच्या नावावर, सिलिंडर आणि कॉम्प्रेसर माझे. कापूरहोळच्या फाट्यावर बोर्डही लागला, 'चला, बुडालेलं गाव पाहायला.' सुलूने विचारलं, "तू पाहिलंस का आधी?" पुढच्या रविवारी पाहीन म्हटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पाहिलं. म्हणजे नाही पाहिलं.

गेनूने तोरण्याची माची आणि समोरची खिंड एका रेषेत धरली आणि म्हणाला, "हितंच आमची आळी. आसंल. म्या तवा बारका हुतो." सिमेंटचा एक ठोकळा दोराला बांधून सोडला, दोराच्या वरच्या टोकाला पिवळा डबा तरंगता ठेवला. दोर धरून खाली गेलो. पुरुषभर पाणी हिरवं, मग कोऱ्या चहासारखं, मग काहीच नाही. टॉर्च लावला तर समोर पांढरं धुकं. पाय टेकले ते गुडघाभर गाळात. हात मास्कच्या काचेला टेकवला तेव्हा कुठे स्वतःची बोटं दिसली. वीस मिनिटं आंधळ्यासारखा चाचपडलो आणि वर आलो.

काठावर सात-आठ माणसं जमली होती. त्यांत एक म्हातारी, कपाळावर गोंदण, लुगड्याचा काष्टा. गेनूची चुलती, अंबूबाई; तो तिला नानी म्हणतो. गाव उठलं तेव्हा बहुतेक घरं खाली बागायतीकडे गेली, ही मात्र वरच्या उतारावर घर बांधून राहिली. म्हणाली, "मास्तर, दिसलं का रं आमचं गाव?"

'नाही' हा शब्द तोंडात तयार होता. पण अंगात तो काळा सूट, पाठीवर सिलिंडर, सहा वर्षांचा समुद्र, आणि सांगायचं काय, तर मला माझा हात दिसत नव्हता? म्हणालो, "दिसलं की, मावशी. भिंती उभ्या आहेत अजून."

तिने पदर तोंडाला लावला. एवढ्याने कुणाला इतकं बरं वाटत असेल तर त्यात बिघडलं काय? अजूनही मला तसंच वाटतंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली गिऱ्हाइकं. पुण्याचे चौघं, एकाच ऑफिसातले. एकेकाला दोराने खाली नेलं आणि वर आणलं. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. पण पहिला मास्क काढून म्हणाला, "भिंत होती ना ती?" दुसऱ्याला भिंतीशेजारी दारही दिसलं. तिसऱ्याने देवळाची पायरी पाहिली. चौथा काही बोलला नाही, पण फोटो त्यानेच सगळ्यांत जास्त काढून घेतले. ते जाईपर्यंत मी हसू दाबून होतो. कुणाला काही सांगावं लागत नाही, लोक आपलं आपण बघतात.

८ डिसेंबर, रविवार

अंबूबाईने चहाला बोलावलं. तिच्या दारात जात्याची वरची तळी, म्हणजे फिरणारा दगड, पडलेली आहे, खुंट्याच्या भोकासकट. मी कप त्या तळीवरच ठेवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "खालची कुठाय, मावशी?"

"ती पोरीवर हाय," ती म्हणाली.

मग सांगितलं. पहिली मुलगी, फुला. चौदा महिन्यांची. आषाढात ताप भरला, नदीला पूर, वेल्ह्याला न्यायला वाट नव्हती. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. घरामागे पुरलं. कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून जात्याची खालची तळी वर ठेवली. तेव्हापासून दर नागपंचमीला त्या तळीवर नव्या बांगड्या ठेवायच्या. लेकी पंचमीला माहेरी येतात, हिची माहेरीच आहे, असं तिचं म्हणणं. गाव उठलं तेव्हा लोकांनी चौकटी काढल्या, कौलं काढली, देव उचलले. नवरा म्हणाला, तळीही घेऊ.

"म्या म्हनलं, नगं. तिच्या अंगावरचं पांघरून कसं काढायचं? वरची तेवढी आनली."

मी चहा संपवला. कप तळीवरून उचलून हातात धरला.

"मास्तर, तू खाली जातुयास. तेवढी तळी हाय का बघशील? एका कडंचा टवका उडालाय. जागची हलली नसली म्हंजे झालं."

९ डिसेंबर, सोमवार

मुद्दाम थांबलो. हे लिहून ठेवतो की मी शोधलं. दोन सिलिंडर संपवले. ठोकळ्याला दोरी बांधून तिच्या टोकाने गोल फिरत गाळात हात घालत गेलो. कौलाचे तुकडे लागले, एक मूळ लागलं, घमेल्यासारखं काहीतरी लागलं. तळी नाही लागली. थंडीने दात वाजायला लागले तेव्हा वर आलो.

अंबूबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. "हाय का?"

"आहे."

"टवका?"

"टवका आहे. बाकी शाबूत. जागची हललेली नाही."

सगळी उत्तरं तिनेच आदल्या दिवशी देऊन ठेवली होती, मी फक्त परत केली. तिने पाण्याकडे हात केले आणि कानशिलावर बोटं मोडली, समोर मूल असावं तशी. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

होडी ओढताना गेनूने माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत गाळ होता. म्हणाला, "नानीला आज झोप लागंल, मास्तर." एवढंच.

१५ डिसेंबर, रविवार

अंबूबाईने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. आत फडक्याच्या अठरा गाठी. पाणी चढल्यापासून दर पंचमीला तिने बांगड्या घेतल्या आणि ठेवून दिल्या. "पान्यात नुसत्या कशा टाकायच्या? कुटं जातील, कुनाला गावतील." आता ठेवणारा मिळाला. एका खेपेला एकच गाठ, वर्षाची वर्षाला, असा तिचा हिशेब.

पहिली गाठ घेऊन खाली गेलो. ठोकळ्यावर ठेवली. गाठीत तिने खडा बांधला होता, त्यामुळे हलली नाही. बाई म्हणते त्या घराजवळच तर आहे तो ठोकळा, पाच-दहा पावलं इकडे किंवा तिकडे.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

काल सुलू माझ्याबरोबर आली होती. तिला अंबूबाईला भेटायचंच होतं. दोघी वेल्ह्याच्या बाजारात गेल्या, मी मागून पिशव्या घेऊन. अंबूबाईला संक्रांतीच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. कासाराने माप विचारलं. अंबूबाईने सुलूचा हात धरून त्याच्यापुढे केला. "हिच्या मापाच्या. माझी फुला हिच्याहून चार-पाच वरसानं मोठी. आता फुलाबाई म्हनले आसते लोक." कासाराला काही कळलं नाही, त्याने सव्वादोनच्या दिल्या. सुलूने हात बराच वेळ मागे घेतला नाही.

रात्री घरी आल्यावर तिने कपाटाच्या तळातून एक गाठ काढली. लहान, मऊ. म्हणाली, "उद्या अंबूबाईंची ठेवशील ना, तेव्हा हीसुद्धा ठेव. त्यांच्या मुलीशेजारी." मी उघडून पाहिली नाही. कशाला आता ते. फेब्रुवारी २०१७ ची गोष्ट, सातवा महिना, मुलगी होती. मी कडमतला होतो. पुढचं जहाज पाच दिवसांनी होतं. मी पोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं आणि सुलू भात टाकत होती. पाच दिवसांनी जहाज म्हटल्यावर माणूस काय करणार? ती तेव्हाही काही बोलली नाही, नंतरही नाही.

आज ठेवली. कालच्या बांगड्या अंबूबाईने आजच्या गाठीतच घातल्या होत्या. सुलूची गाठ त्यांच्या शेजारीच, म्हणजे तेवढं तरी खरं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

धंदा चांगला चाललाय. त्यात अर्धा वाटा अंबूबाईचा आहे, हे मान्य करायला हवं. काठावर बसून ती पाहुण्यांना गाव सांगते. कुणाचा गोठा कुठे, विहिरीला किती पायऱ्या, चावडीपुढे कोण भांडायचं. लोक खाली उतरतात तेच गाव डोळ्यांत घेऊन, मग त्यांना दिसतंच. आणि मास्तरांचं नाव निघालं की ती म्हणते, "ह्यानं माझ्या लेकीला बांगड्या न्हेल्या."

घरी सुलूने विचारलं, "कशी आहे रे ती जागा?" म्हटलं, शांत आहे. वर शेवाळ आलंय, मासे फिरतात. ती डोळे मिटून ऐकत होती. मला ते वर्णन चांगलं जमलं.

२७ एप्रिल, रविवार

शेवटची, अठरावी गाठ आज ठेवली. डबा रिकामा झाला. अंबूबाईने तो धुऊन दारात पालथा घातला.

पाणी झपाट्याने उतरतंय. खालच्या गावांना सोडतायत. पिवळ्या डब्याचा दोर ढिला पडलाय. गेनू म्हणाला, "मास्तर, औंदा तळ उघडा पडतुया बगा. अठरा वरसांत पयल्यांदा." मग इकडेतिकडे बघून, "तुमच्या ठोकळ्याचं काय करायचं?"

म्हणजे त्याला माहीत आहे. डिसेंबरपासून माहीत आहे.

बेत असा: कमरेभर पाणी राहिलं की गेनूकडून घराचं जोतं ओळखून घ्यायचं, तळी शोधायची, आणि सगळ्या गाठी उचलून तिथे नेऊन ठेवायच्या. एका सकाळचं काम आहे. कुणाला कळणार नाही, आणि जे सांगितलं ते खरं होऊन जाईल.

९ मे, शुक्रवार

कॉम्प्रेसर बसला. सिलिंडर भरता येत नाहीत, आणि कमरेभर पाण्यातही तळ चाचपायला तोंड खालीच ठेवावं लागणार. कापूरहोळच्या मेकॅनिककडे टाकलाय, तो म्हणतो दोन दिवस. त्याचे दोन दिवस मला माहीत आहेत.

१३ मे, मंगळवार

सकाळी दहाला गेनूचा फोन. मी कापूरहोळला, कॉम्प्रेसर टेबलावर उघडा पडलेला. "मास्तर, पानी येकदम हाटलं. गाव वर आलंय. नानी खाली गेल्यात. वैनीबी हायत संगट." सुलूला सुट्टी आहे, ती पहिल्या एसटीने गेली होती, मला आश्चर्याचा धक्का द्यायला की काय, कुणास ठाऊक. मी विचारलं, "ठोकळा?" गेनू म्हणाला, "त्योबी वर आलाय."

मोटारसायकल मारत गेलो. मार्गासनीच्या पुढे वळणावर पडता पडता वाचलो. पडलो असतो तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

गाळ अजून ओला होता, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. त्यातून घरांची जोती वर आलेली, गुडघ्याएवढी. भिंत एकही नाही. पिवळा डबा आडवा पडला होता, दोर गाळात मेल्यासारखा, आणि त्याच्या टोकाला ठोकळा. ठोकळ्यावर, ठोकळ्याभोवती, एकावर एक सगळ्या गाठी, मातीने माखलेल्या. माणूस ओझं टाकून जातो तसा ढीग. अंबूबाई आणि सुलू त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. अंबूबाई एकेक गाठ सोडून बांगड्या ओच्यात घेत होती. मी जवळ गेलो तेव्हा हात थांबवला नाही.

"मास्तर, तुला तळी दिसलीच न्हवती व्हय?"

"नाही, मावशी."

"मग तसं म्हनायचं की रं. न्हाई दिसलं तर न्हाई दिसलं. म्या काय तुला खाल्लं आसतं?"

आवाजात राग नव्हता. तिने एक मुस्कटात दिली असती तर मला उभं राहायला सोपं गेलं असतं.

अठरा गाठी झाल्या, एक उरली. तिने ती उघडली आणि बघत राहिली. काळ्या मण्यांच्या मनगट्या, तान्ह्या बाळाच्या. माझ्या आईने ओवल्या होत्या, मरण्याआधी, सुलूला पाचवा लागला तेव्हा. त्या घरात आहेत हेच मला माहीत नव्हतं. "ही माझी न्हवं," अंबूबाई म्हणाली. सुलूने हात पुढे केला, मनगट्या घेतल्या आणि मूठ मिटली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मग अंबूबाई उठली. एका जोत्यावर चढली आणि उंबरा ओलांडावा तसा पाय उचलला. चुलीच्या जागेला वळसा घातला. मागच्या दारातून बाहेर पडली आणि पुटपुटत अकरा पावलं चालली. बसली. खुरप्याने गाळ काढला. वीतभर खाली दगडाची कड लागली, टवका उडालेली.

ठोकळ्यापासून ती जागा बत्तीस पावलं. मी मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी माझी गोल फिरवायची दोरी दहा पावलांची होती. आणखी बावीस पावलांची दोरी जोडली असती तर हाताला लागली असती.

सुलूच्या बाटलीतल्या पाण्याने अंबूबाईने तळी धुतली. सगळ्या बांगड्या तिच्यावर रचल्या. मग म्हणाली, "बाई, तुझीबी ठिव हितंच. येकटीच हाय, सोबत हुईल." सुलूने मूठ उघडली. ती रडत होती, मोठ्याने. त्या फेब्रुवारीत ती अशी रडली होती का, मला माहीत नाही, मी नव्हतो. मी ठोकळ्यापाशी उभा होतो. कुणी बोलावलं नाही, आणि आपण होऊन जायची हिंमत झाली नाही.

१५ मे, गुरुवार

कापूरहोळचा बोर्ड काढला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर तयार आहे. राहू दे म्हटलं.

१८ मे, रविवार

मी आणि गेनूने तळीशेजारी लोखंडी पाइप रोवला, त्याला नवा दोर, वर डबा. पाणी चढलं की दोर धरून थेट तिथेच जाता येईल, चुकायची भीती नाही. हे अंबूबाईला सांगायला गेलो. ती दारात वरच्या तळीवर दाणे निवडत बसली होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता जागा ठावी झालीया. आमी काठावनंच सोडू. तू नगं जाऊस."

तिने बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. येताना गेनू म्हणाला, "म्याबी बोलाया पायजे हुतं, मास्तर." त्याची चूक नाही, हे मी त्याला सांगायला हवं होतं. तेही राहिलं.

२८ जुलै, सोमवार

दोन महिने वही उघडली नव्हती. धरण भरत आलंय म्हणतात. मी पुन्हा विमा विकतोय.

उद्या पंचमी. सुलू स्वयंपाकघरात दिंडांसाठी हरभऱ्याची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मधू, तेव्हा जहाज खरंच पाच दिवसांनी होतं?"

आठ वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. उत्तर माझ्याकडे तयार होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशीच होतं. सहा जणांचा कोर्स अर्धा झाला होता, म्हणून थांबलो. म्हणजे तेही कारण नाही. मला तुझ्यासमोर यायची भीती वाटली."

जानेवारीच्या पानावर मी पाच दिवस लिहिलंय. या वहीत, जिथे कुणी विचारणारं नव्हतं. आता मागे जाऊन पाहिलं. खोडलं नाही, तसंच ठेवलंय.

सुलूने डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. आणखी एक काढला. डाळ धुतली, पातेल्यात भिजत घातली, वर ताट झाकलं. मग हात पुसत म्हणाली, "सकाळच्या एसटीने अंबूबाईंकडे जातेय."

"मी गाडीवर सोडतो."

"नको. मी एकटी जाईन."

तिची पिशवी दाराशी आहे. वर बांगड्यांचे दोन जोड आहेत, पेपरात गुंडाळलेले, कागद सुटलेला. एक सव्वादोनचा. दुसरा लहान, हिरवा, आठ वर्षांच्या मुलीच्या हातात बसेल एवढा. कासाराने माप विचारलं असेल तेव्हा तिने कुणाचा हात दाखवला, मला माहीत नाही.